सोशल मीडियाचा कंटाळा आलाय, पण सोडवत नाही. तुमच्यापैकी कुणी सोडलंय का? काय फरक पडला?

सोडलंय, पण सगळं नाही. व्हॉट्सअॅप आहे आणि राहणार. सोसायटीचं पाणी कधी जाणार, शाळेला उद्या सुट्टी आहे का, हे आता तिथेच कळतं. फेसबुक आणि इन्स्टाग्राम मात्र फोनवरून काढून टाकलं.

मला वीट आला तो ओळखीची माणसंच दिसेनाशी झाली म्हणून. इन्स्टाग्रामवर 2016 पर्यंत फोटो टाकलेल्या क्रमानं यायचे, मग आधी काय दाखवायचं ते अॅप ठरवायला लागलं. 2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत रील्स आल्या. त्यानंतर मावसभावाच्या बाळाच्या बारशाआधी मला कोणीतरी पनीर तळताना दिसायचं, मग ज्योतिषी, मग शेअर बाजारातले गुरुजी. बारसं राहिलं बाजूला, अंगठा आपला चालूच. पूर्वी निदान 'पुढचं पान' दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा.

खातं उडवायची घाई करू नका. उडवलं तरी 30 दिवसांच्या आत लॉगिन केलं की ते परत मिळतं, आणि तेवढ्यात हात शिवशिवतोच. त्यापेक्षा अॅप काढा, खातं राहू द्या. काही बघायचंच असेल तर कॉम्प्युटरवर बघा, पासवर्ड सेव्ह न करता. तो टाइप करेपर्यंत निम्मी हौस फिटते. सुरुवातीला बोट सवयीनं जुन्या जागीच जातं. तिथे मी बँकेचं अॅप आणून ठेवलं. शिल्लक बघितली की फोन आपोआप खाली ठेवला जातो.

तोटाही आहे. आत्या रुसली. "साखरपुड्याचे एवढे फोटो टाकले, तुझं एक लाइक नाही!" म्हटलं, आत्या, मी फेसबुक बंद केलंय. "मग फोन करायचास की!" आता करतो. जावयाचं कौतुक ऐकण्यात अर्धा तास जातो, पण मजा येते.

एकट्याला जमत नसेल तर घरच्यांना सोबत घ्या. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. आमच्याकडे भोंग्याचं काम आई करते, जेवताना सगळ्यांचे फोन फ्रिजवर. बायको मात्र अजून इन्स्टावर आहे. तिचा साड्यांचा धंदा तिथूनच चालतो, तेव्हा हे सगळं तिला ऐकवायची माझी छाती नाही.