परफॉर्मन्स एअर फिल्टर बसवल्याने गाडीचा पिकअप वाढतो का?

तुमची १.२ लिटरची पेट्रोल गाडी, रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाटात ओढत नाही. दुकानदाराने धुऊन पुन्हा वापरायचा कापडी फिल्टर सुचवलाय. पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढेल म्हणतो. पैसे घालावेत का, असं विचारलंय तुम्ही.

नका घालू. मी घालून बसलोय.

एक लिटर पेट्रोल जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. एवढा आकडा ऐकला की कुणालाही वाटणार, हवेची वाट मोकळी केली तर फायदा होणारच. पण हवा अडते कुठे? पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर दाबून तुम्ही पेट्रोल सोडत नाही, हवेच्या वाटेतली थ्रॉटलची झडप उघडता. सपाटीला रमतगमत जाताना ती जेमतेम किलकिली असते. सुपारीच्या बागेत खाली बांध घातलेला असताना वर पाटाचं तोंड रुंद करून झाडाला पाणी जास्त मिळेल का? तसंच हे. झडप पूर्ण उघडली की मग फिल्टरचा संबंध येतो, आणि तेव्हाही कोरा कागदी फिल्टर हवेच्या दाबातला फार तर एक-दोन टक्के खातो. फिल्टर काढून फेकलात तरी कमाई तेवढीच. (फेकू मात्र नका.)

ॲव्हरेजचं म्हणाल तर इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आलेल्या हवेच्या मापाने पेट्रोल सोडतो. २००९ साली अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने फिल्टर मुद्दाम चोंदवून गाड्या तपासल्या होत्या. ॲव्हरेज जवळपास होतं तेवढंच राहिलं, वेग पकडायला मात्र जास्त वेळ लागला. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ॲव्हरेजलाही फरक पडायचा. दुकानदार बहुतेक त्या काळातलं बोलतोय.

आता माझी गंमत. माझी गाडी डिझेल. कापडी फिल्टर बसवला आणि पहिल्याच दिवशी साखरप्याच्या पुढे चढाला वाटलं, अरे, गाडी उडतेय! इंजिनाचा हवा ओढण्याचा आवाज वाढला होता, बाकी काही नाही. तोच चढ, तोच गिअर, गाडीत मी एकटा, आणि बायकोच्या मोबाईलवरचं स्टॉपवॉच. जुन्या फिल्टरने आणि नव्याने चारचार वेळा मोजलं. फरक माझ्या अंगठ्याच्या चुकीएवढा. बायको म्हणाली, आवाजच हवा होता तर सायलेन्सरला भोक पाडायचंत, फुकटात झालं असतं.

पुढे जुलैत तो धुवायचा झाला. हे फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून, वर तेलाचा हलका हात द्यायचा असतो. आपल्याकडे जुलैत रुमाल वाळत नाही. चार दिवस पडवीतल्या वळणीवर लोंबकळत होता. शेवटी पंख्याखाली धरून वाळवला आणि धूळ जास्त अडेल म्हणून तेल सढळ हाताने ओतलं. ते जादा तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसलं. आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला आणि होता तो पिकअपही गेला. सेन्सर साफ करून घेतला, कागदी फिल्टर परत लावला, विषय संपला.

शिवाय धूळ. आमच्या वाडीच्या रस्त्याला दोन चिरेखाणी आहेत, मार्च ते मे गाडीचा रंग कुठला ते ओळखू येत नाही. जाळी जितकी मोकळी, तितकी बारीक धूळ आत सुटायची भीती जास्त, आणि ती धूळ पिस्टनच्या रिंगा घासते. आपल्या भागात फिल्टरकडून मला हवेपेक्षा धुळीचा बंदोबस्त हवाय.

बॉनेटमध्ये उघडा बसवतात तो शंकूसारखा फिल्टर तर अजिबात नको. तो इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो. ३० अंशांची हवा ५० अंशांवर गेली की सहा टक्क्यांच्या आसपास विरळ होते. म्हणजे पैसे देऊन ताकद कमी करून घेणं.

मग घाटात गाडी का ओढत नाही? माझा पहिला संशय तुमच्या गिअरवर. अशा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. २००० आरपीएमला (मिनिटाला २००० फेरे) त्यातून ३१ हॉर्सपॉवर निघते, ४००० ला ६२. पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू आणि तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणारी गाडी ओढणार कशी? गाडी मंदावायच्या आधीच दुसरा टाका. इंजिन ओरडेल, ओरडू दे. ते त्यासाठीच बनवलंय.

तरीही जड वाटली तर एअर बॉक्सच्या क्लिपा काढून फिल्टर उजेडासमोर धरा. घड्यांतून उजेड दिसत नसेल तर कंपनीचाच नवा घ्या, चार-पाचशेत येतो. उघडलाच आहे तर बॉक्सच्या तळाशीही बघा. गेल्या दिवाळीत भाऊजींची गाडी अशीच धापा टाकत होती. आत उंदराने भाताचा पेंढा आणि नारळाचं सोडण नेऊन छान संसार मांडला होता.