चार फुटी फळी नको!

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. बाबांची पुस्तकं आणि त्यांनी जपलेले वीसेक वर्षांचे दिवाळी अंक गावाहून आणलेत, सध्या सगळं पलंगाखाली खोक्यांत पडून आहे. सुताराला बोलवायचं बजेट नाही. ड्रिल मशीन, टेप, गुण्या (काटकोन बघायचा) आणि साधी हातकरवत एवढंच आहे. चार फूट रुंद रॅक जमेल का? घरमालक भिंतीला भोकं पाडू देत नाहीत.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जमेल, नक्की जमेल, फक्त ती चार फूट रुंदी सोडा. पुस्तकं फार जड असतात हो, फूटभर ओळीचं वजन सहज सात-आठ किलो भरतं, आणि तशीच गच्च भरलेली फळी लांबीला दुप्पट केली की दुप्पट नाही, सोळापट वाकते. माझा पहिला रॅक चार फुटीच होता, दोन पावसाळ्यांत मधल्या फळ्यांना झोल आला, सगळा खोलून पुन्हा करावा लागला. अडीच फुटांच्या वर जाऊ नका, पुस्तकं मावली नाहीत तर शेजारी दुसरा करा.

१८ एमएमचा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घ्या, भुशाचा पार्टिकल बोर्ड नको, त्याच्या कडेला स्क्रू धरत नाही. ८ बाय ४ ची एक शीट पुरते. दुकानातच मशीनवर ९ इंची पाच लांब पट्ट्या कापून घ्या, कटिंगचे थोडे पैसे पडतील पण हातकरवतीने आठ फूट सरळ कापणं खरंच कठीण. आडवे कट घरी मारा : पाच फुटी दोन बाजू, अडीच फुटी सहा फळ्या. कप्पे साधारण ११ इंचांचे होतात, दिवाळी अंक आरामात उभे राहतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही बाजू जमिनीवर एकमेकींना लागून ठेवा आणि गुण्या लावून फळ्यांच्या रेघा दोन्हींवर एकदमच ओढा, वेगवेगळं मोजलंत की फळी तिरकी बसलीच म्हणून समजा. बाजूला ४.५ एमएमचं भोक आरपार, फळीच्या कडेत ३ एमएमचं, मग फेविकॉल लावून दोन इंची ८ नंबरचे स्क्रू, प्रत्येक टोकाला तीन. भोक न पाडता स्क्रू पिळलात तर प्लायचे पदर सुटतात. क्लॅम्प नसला तरी चालतं, फेविकॉल सुकेपर्यंत स्क्रूच दाबून धरतात. तो ओला असतानाच टेपने दोन्ही कर्ण मोजा, जो जास्त भरेल त्या कोपऱ्यांना हाताने दाबून सारखे करा. उरलेल्या पट्टीतले अडीच फुटी दोन तुकडे सगळ्यात वरच्या आणि खालच्या कप्प्यात मागून, लांबी आडवी ठेवून कडेवर उभे बसवा, त्याशिवाय रॅक डुलायचा थांबत नाही.

जड पुस्तकं खाली ठेवा, रॅक भिंतीपासून इंचभर पुढे, पावसाळ्यात ओल पुस्तकांपर्यंत येत नाही. घरात लहान मूल असेल तर मात्र घरमालकांशी परत बोला, रॅक भिंतीला धरून ठेवायला दोन स्क्रूंपुरतीच परवानगी मागा, कारण मुलं फळ्यांवर चढतात आणि ९ इंच खोलीचा रॅक पुढे कलंडायला वेळ लागत नाही.

प्रश्न : जुन्या दाराच्या सागवानी फळ्या आहेत, रॅकला वापरू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अहो, जरूर वापरा, असा साग आता विकत घ्यायचा म्हणजे केवढ्याला पडेल! आधी सगळे खिळे काढा, लोहचुंबक फिरवून बघा, राहिलेला एक खिळासुद्धा करवतीचे दात घालवतो. कुठे वाळवीची माती दिसली तर तेवढा भाग कापून टाका.