'म'च्या जागी गोलातला 'आर' दिसतोय? आधी बाइट बघा

तुम्ही पुटी या टर्मिनल प्रोग्रॅममधून सर्व्हरवर गेलात, मराठी नावांची फाइल 'कॅट' आज्ञेने पडद्यावर आणली आणि समोर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'ची रांगच रांग आली. आता आयकॉन्व्हला, म्हणजे एन्कोडिंग बदलणाऱ्या आज्ञेला, कुठलं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) सांगायचं, असं विचारताय. माझं ऐकाल तर इतक्यात काहीच सांगू नका. अशाच घाईत मी एकदा आउटपुट त्याच फाइलवर वळवलं आणि शून्य बाइटची फाइल घेऊन बसलो.

फाइलची पहिली ओळ 'ओडी'तून, म्हणजे बाइट दाखवणाऱ्या आज्ञेतून, दशमान आकड्यांत काढा. युटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. हेच आकडे लॅटिन-१ म्हणून, म्हणजे एका बाइटला एक अक्षर मानणाऱ्या जुन्या रोमन एन्कोडिंगने, वाचले की २२४चा तो रेघवाला 'ए' होतो आणि १७४चा गोलातला 'आर'. म्हणून तो 'ए' दर तिसऱ्या घरात भेटतो.

आकडे असे दिसले तर फाइल ठणठणीत आहे, चष्मा चुकलाय. पुटीच्या ट्रान्सलेशन पानावर युटीएफ-८ निवडा, सर्व्हरवर 'लोकेल' ही भाषेची मांडणी दाखवणारी आज्ञा चालवून तिथेही युटीएफ-८ आहे ना ते बघा. झालं काम.

पण 'म'साठी १९५, १६०, १९४, १६४, १९४, १७४ असे ६ बाइट दिसले, तर कुणीतरी आधीच एकदा चुकीचं रूपांतर करून ठेवलंय. ते उलटं फिरवायचं. युटीएफ-८मधून लॅटिन-१ मध्ये, एवढंच. खरी गोम पुढे आहे. बिघाड बहुतेक वेळा विंडोज-१२५२ मधून, म्हणजे लॅटिन-१च्या विंडोजमधल्या भावंडातून, झालेला असतो. त्यात दीर्घ वेलांटीचा शेवटचा बाइट, १२८, युरोचं चिन्ह होतो, आणि युरो लॅटिन-१ मध्ये नाही. उलट हलन्ताचा शेवटचा बाइट १४१, आणि ती जागा १२५२ मध्ये रिकामी. म्हणजे लॅटिन-१ने 'मराठी' अडते, १२५२ने प्रत्येक जोडाक्षर. पायथॉनमध्ये बिघडलेलं एकेक अक्षर आधी १२५२ ने बाइटमध्ये बदलून बघा, नाही जमलं तर लॅटिन-१ ने. किंवा सरळ 'एफटीएफवाय' ही लायब्ररी घ्या, तिला ही खोड माहीत आहे. हलन्ताच्या जागी प्रश्नचिन्ह आलं असेल तर मात्र तो बाइट गेलाच. बॅकअप शोधा.

सगळं नीट होऊनही ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली, तर पुन्हा एन्कोडिंगला हात लावू नका. काही टर्मिनलं अक्षरं चौकटीत एकामागून एक मांडतात, जुळवत नाहीत. तीच फाइल केडीईच्या 'कॉन्सोल' (Konsole) या टर्मिनलमध्ये उघडून बघा.