‘छान आहे’ या अभिप्रायाचे काय करावे?

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एसटीच्या विद्यार्थी पासची माहिती देणारे भित्तिपत्रक मी केले आहे. सगळेच ‘छान आहे’ म्हणतात. मग सुधारणा कशी करावी?

उत्तर : ‘कसे वाटले?’ असे विचारले की माणसे मन राखतात, म्हणून मत विचारण्याऐवजी काम सोपवा. गावाहून रोज ये-जा करणाऱ्या मुलामुलींना भित्तिपत्रक पाच सेकंद दाखवून बाजूला ठेवा आणि काय लक्षात राहिले ते विचारा. मग ते पुन्हा हाती देऊन ‘अर्जासोबत कोणती कागदपत्रे लागतील?’ एवढेच विचारा आणि त्यांचे बोट कुठे अडखळते ते पाहा. त्या वेळी स्वतः काहीही समजावू नका, कारण बसस्थानकावर समजावून सांगायला तुम्ही नसणार. संकेतस्थळे वापरायला सोपी कशी करावीत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये संकेतस्थळांच्या चाचणीसाठी, पंधरा जणांना एकदम गाठण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घेऊन मधल्या काळात दुरुस्ती करावी, असे सुचवले होते. माझ्या मते ते इथेही लागू पडते. ‘रंग बदला’ असे कोणी म्हटले, तर रंग लगेच बदलू नका. बहुधा अक्षरे पार्श्वभूमीत मिसळत असतात, तेव्हा चार पावले मागे जाऊन मजकूर वाचता येतो का, ते आधी तपासा.