लेकाला घेऊन बातूर चढताना

नऊ वर्षांच्या लेकाला घेऊन बातूर चढायचाय म्हणता, जरूर जा. बालीतला हा जिवंत ज्वालामुखी १७१७ मीटर उंच आहे. सूर्योदय गाठायचा तर पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास निघा. पोर सोबत असेल तर चढायला अडीच तास धरा. स्थानिक वाटाड्या घ्याच.

खरी कसोटी उतरताना लागते. भुसभुशीत काळी खडी पायाखालून सरकते. माझी लेक तिथे दोनदा घसरून बसली. आधी टाच रोवायला शिकवा, हात धरून ओढू नका. वर पोचल्यावर अंगावरचा घाम गार पडतो, म्हणून कोरडा शर्ट आणि स्वेटर सॅकमध्ये हवाच. खडकांच्या फटींतून गरम वाफ निघते, तिथे हात घालू देऊ नका. आणि पोर दमलं तर शिखराचा हट्ट सोडा. वाटेत थांबूनही खालचं सरोवर उजळताना दिसतं.