जुन्या वाघिणींची किट : ओळखायची कशी, बांधायची कशी

तुमचे फोटो काल रात्री दोनदा पाहिले. न्यू जर्सीत एका घरातल्या सामानाच्या विक्रीत चाळीस डॉलरला अकरा खोकी मिळाली, आत मालगाडीच्या डब्यांची, म्हणजे वाघिणींची, न बांधलेली जुनी मॉडेल किट आहेत, ती कुणाची आणि कधीची, आणि दहा वर्षांच्या मुलाबरोबर बसून बांधता येतील का, असं तुम्ही विचारलंय. येतील. मी क्लीव्हलँडजवळ राहतो आणि वीसेक वर्षं हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, खोक्यावरच्या नावावर विश्वास टाकू नका. साठ-सत्तर वर्षांत ही खोकी तीन-चार हातांतून गेलेली असतात. एकाची बॉडी दुसऱ्याच्या खोक्यात जाते, बोग्या, म्हणजे डब्याखालचे चाकांचे गाडे, तिसऱ्याच किटला लागतात. त्यामुळे आधी आतला माल कशाचा आहे ते बघायचं, मग खोक्यावरचा पत्ता, आणि शेवटी डब्यावरची अक्षरं. तिन्ही एकमेकांशी जुळली तरच ओळख पटली म्हणायची.

पत्त्याची युक्ती फार उपयोगी आहे. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड जुलै १९६३ मध्ये आला. त्याआधी, १९४३ पासून, मोठ्या शहरांच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग लिहीत. ‘लॉस एंजेलिस’ आणि पुढे नुसते दोन आकडे असतील तर ते खोकं १९४३ ते साधारण १९६३ मधलं. झिप असेल तर नंतरचं. जुना छापील साठा काही दिवस वापरला जायचा, म्हणून वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धरा.

आता तुमचं चौथं खोकं घ्या. पत्त्यात दोन आकडी विभाग आहे, लेबलवर धातूचं किट म्हटलंय, आणि आत हिरव्या रंगाची प्लास्टिकची बॉडी, तिच्यावर पेन सेंट्रलची अक्षरं. पेन सेंट्रल ही कंपनीच १९६८ साली पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्क सेंट्रल या दोन रेल्वे एकत्र येऊन झाली. म्हणजे ही बॉडी त्या खोक्यातली असूच शकत नाही. अक्षरांवरून अशी खालची हद्द नेहमी मिळते : एरी लॅकावॉना दिसलं तर १९६० नंतरचं, बर्लिंग्टन नॉर्दर्न १९७० नंतरचं, कॉनरेल १९७६ नंतरचं. वरची हद्द मात्र मिळत नाही, कारण बुडालेल्या रेल्वेच्या नावाचे डबे लोक आजही हौसेने छापतात.

सहा निळी खोकी ॲथर्नची आहेत, त्याबद्दल शंका नाही. अर्विन ॲथर्न यांची कंपनी कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नची, आणि ‘ब्लू बॉक्स’ हे या छंदातलं घरोघरी पोचलेलं नाव. अखंड प्लास्टिकची बॉडी, खाली प्लास्टिकचीच चौकट, मध्ये वजनासाठी पोलादी पट्टी. ही किट अमाप निघाली, त्यामुळे जपून ठेवण्यात अर्थ नाही. मुलाबरोबर सुरुवात यांच्यापासूनच करा, एका संध्याकाळी एक वाघीण उभी राहते. दोनच दुरुस्त्या सांगतो. कपलरच्या, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याच्या, पेटीवरचं धातूचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं आणि ओढ पडली की निघतं. तिथे भोक पाडून, आटे काढून २-५६ मापाचा स्क्रू लावा. आणि पोलादी पट्टीला गंज असेल तर घासून रंगाचा एक हात द्या, मगच आत ठेवा.

धातूच्या किटकडे जरा काळजीने बघा. ओतीव जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर तो धातू वर्षानुवर्षं आतून पोखरत जातो, फुगतो, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. याला इलाज नाही. तो रोग शेजारच्या भागाला लागत नाही, पण त्या भागावर मेहनत घालू नका. तुमच्या पाचव्या खोक्यातल्या चौकटीचं एक टोक वाकलेलं दिसतंय. नखाने दाबून बघा. बाकी मऊ, राखाडी ओतीव तुकडे पांढऱ्या धातूचे असतात आणि त्या काळच्या मिश्रणात बहुधा शिसं असायचंच. कानस मारायचं काम तुम्ही करा, मुलाला देऊ नका. खाली ओला कागद पसरा आणि नंतर हात साबणाने धुवा.

धातूच्या डब्यांत आणखी एक जुनं दुखणं असतं. दोन रुळांत वीज खेळते, म्हणून प्रत्येक आसाचं एकच चाक विद्युतरोधक असतं. बोगी धातूची असेल आणि तिचे दोन आस उलटसुलट बसले, तर डबा रुळावर ठेवताक्षणी शॉर्टसर्किट. एका बोगीतली रोधक चाकं एकाच बाजूला आहेत ना, हे आधी बघा. शिवाय चौकटही धातूची असेल तर दोन्ही बोग्यांची रोधक चाकं एकाच रुळाकडे ठेवा.

आता लाकडी दोन. माझा जीव यांच्यात आहे, म्हणून इथे रेंगाळतो.

सातव्या खोक्यात जे आहे, ते म्हणजे बासवुडच्या पट्ट्या, उभ्या फळ्यांच्या खाचा पाडलेल्या पातळ बाजू, रंधून आकार दिलेलं छप्पर, पुडीत ओतीव तुकडे आणि घडी घातलेला बांधणीचा नकाशा. अँब्रॉइड या कंपनीची ‘५००० पैकी एक’ ही मालिका अशीच असायची : एका डब्याची पाच हजार किट काढायची आणि थांबायचं. तुमचं त्यातलंच आहे का, हे खोक्यावर नाव नसल्याने आतूनच शोधावं लागेल. नकाशातला ब्रेक बघा. सिलिंडर आणि टाकी एकत्र जोडलेली असेल तर जुना के ब्रेक. सिलिंडर, टाकी आणि व्हॉल्व्ह असे तीन सुटे तुकडे असतील तर एबी ब्रेक, जो १९३३ पासून नव्या डब्यांना सक्तीचा झाला. बोगीची बाजू सपाट लोखंडी पट्ट्या जोडून केलेली असेल तर ती आर्चबार. तशी बोगी एका रेल्वेकडून दुसरीकडे जाणाऱ्या डब्यांना १९४१ पासून बंद झाली. छपरावर चालायची फळी आहे म्हणजे खरी वाघीण १९६६ च्या आधीच्या बांधणीची, कारण त्या वर्षापासून नव्या बंद वाघिणींना ती बसवणं थांबलं. या तीन खुणांवरून खऱ्या डब्याचा काळ कळतो, आणि मग जुन्या कॅटलॉगांत कुठे शोधायचं ते ठरतं. ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक जानेवारी १९३४ पासून निघतंय. त्याच्या जुन्या अंकांतल्या जाहिराती म्हणजे या किटची जन्मनोंदच.

बांधायला घेण्याआधी नकाशाची झेरॉक्स काढा आणि मूळ कागद बाजूला ठेवा. जुना कागद घडीवर फाटतो.

मग लाकडाला सँडिंग सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप. तीन हात, मध्ये ४०० नंबरचा पॉलिश पेपर, आणि दोन्ही अंगांनी. ‘दोन्ही अंगांनी’ हे मुद्दाम सांगतोय, कारण माझं पहिलं लाकडी किट इथेच गेलं. बाजूंना बाहेरून सुंदर रंग दिला, आत कोण बघणार म्हणून आतून कोरं ठेवलं. तळघरात ऑगस्टची दमट हवा. आठवड्याने बघतो तर दोन्ही बाजूंना भाजलेल्या पापडासारखा बाक आलेला. कोरं अंग ओल पितं, रंगवलेलं पीत नाही, आणि फळी वळते. ते मी पाणी मारून, वजन ठेवून बरंच सरळ करायला गेलो, पण खाचांची टोकं फुलली ती फुललीच. तेव्हापासून मी तुकडा कापण्याआधीच दोन्हीकडून सीलर लावतो. पहिल्या हातानंतर लाकडावर बारीक लव उभी राहते. ती बोटाला जाणवते, डोळ्यांना दिसत नाही. पेपर खाचेच्या दिशेने फिरवा, आडवा नको. तिसऱ्या हातानंतर फळी नखासारखी गुळगुळीत लागली की झालं.

जोडणी काचेच्या तुकड्यावर करा. तळ आणि दोन टोकं आधी, प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून. लाकडाला लाकूड पिवळ्या सुतारी गोंदाने, लाकडाला धातू इपॉक्सीने. छापील कागदी बाजू असलेल्या अकराव्या किटला मात्र पाण्याचा गोंद अजिबात नको, कागद फुगतो. तिथे कॉन्टॅक्ट सिमेंट वापरा. बोगीच्या भोकांसाठी तळावर आधी मध्यरेषा आखा. स्क्रू तिरका गेला तर डबा कायमचा एका अंगाला कलतो.

चढायच्या कड्या हे सर्वांत नाजूक काम. खरी कडी १८ इंच रुंद, आणि एचओ या मापाच्या मॉडेलमध्ये खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे ५.२५ मिलिमीटर. तेवढ्या रुंदीच्या पट्टीवर ०.३ मिलिमीटरची तार वाकवली की सगळ्या कड्या सारख्या येतात. भोक ८० नंबरच्या ड्रिलने, हातानेच. आधी टाचणीने खळगा करा, नाहीतर बिट लाकडाच्या रेषेबरोबर घसरतं. दोन-तीन बिटं तुटतील, जास्तीची आणून ठेवा.

वजनाचा हिशेब अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या एनएमआरए या संघटनेने घालून दिलाय : एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. चाळीस फुटी वाघीण एचओमध्ये १४० मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. तिचं वजन पावणेचार औंस, साधारण १०६ ग्रॅम हवं. लाकडी डबा याच्या निम्माही भरत नाही, म्हणून छप्पर चिकटवण्याआधी आत वजन घाला. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की ती फक्त फिरेल. दुसरीचा थोडा सैल, म्हणजे ती डोलेलही. तीन पायांचं स्टूल जसं खडबडीत जमिनीवर डगमगत नाही, तसं हे आहे.

कपलर केडीचे पाच नंबरचे लावा. कीथ आणि डेल एडवर्ड्स या भावांच्या नावांवरून केडी हे नाव आलंय. कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिलिमीटरवर यायला हवा. कमी भरला तर बोगीखाली पातळ वॉशर. त्यांचं उंचीचं मापक मिळतं, ते घ्याच.

पिवळ्या पडलेल्या डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून डब्यावर उतरवायची छापील अक्षरं, फेकू नका. खिडकीच्या काचेला, छापील बाजू उन्हाकडे करून, आठ-दहा दिवस चिकटवून ठेवा, पिवळेपणा बराच उतरतो. मग एक नको असलेलं अक्षर कापून पाण्यात टाका. तुकडे झाले तर उरलेल्या डेकलच्या कागदावर द्रव डेकल फिल्मचा एक हात मारा आणि वाळल्यावर वापरा.

किंमत येईल म्हणून न बांधता ठेवावी का, असंही तुम्ही विचारलंत. लाकडी दोन्हींचे सगळे भाग आणि नकाशा शाबूत असतील तर घेणारे मिळतात. मी मात्र बांधीन. ज्याने ती विकत घेतली त्याने बांधण्यासाठीच घेतली होती, आणि त्याचं राहून गेलं.

सातव्या खोक्यासाठी मला दोन गोष्टी हव्या आहेत. दाराची जागा पट्टीने मोजा : २१ मिलिमीटर भरली तर दार सहा फुटी, २८ भरली तर आठ फुटी. आणि पुडीतले ब्रेकचे तुकडे काळ्या कापडावर पसरून, बाजूने उजेड पाडून फोटो काढा. ते आले की कॅटलॉग घेऊन बसतो.