सूर्योदयाचं चित्र जागेवर बसून काढताना उजेड पळतो आणि रंग मळतात, काय करावं?

तुम्ही दोन अडचणी लिहिल्यात: चित्र अर्ध्यावर असतानाच उजेड बदलतो, आणि घरी आणून पाहिलं तर रंग मळकट दिसतात. मी जलरंगात काम करतो, त्यामुळे त्याच अंगाने सांगतो.

बिंबाची कड दिसल्यापासून ते पूर्ण वर यायला साधारण २ ते ४ मिनिटं लागतात. तेवढ्यात चित्र होत नसतं. पूर्वी मी आभाळ बदलेल तसा रंग बदलत बसायचो. मग एकाच कागदावर पहाटही यायची आणि आठ वाजताचं ऊनही. आता अर्धा तास आधी पोचतो आणि पेन्सिलीने क्षितिज, झाडं, मोठे गडद-फिके भाग मांडून घेतो. मग एकच क्षण धरायचा. तेव्हा सावल्या कुठे पडल्यात त्याच्या खुणा करून ठेवायच्या. नंतर समोर कितीही सुंदर काही घडलं तरी ते दुसऱ्या कागदावर. (मोह होतोच, मला अजून होतो.)

अंधारात रंग मात्र कालवू नका. कमी उजेडात डोळ्याला तांबडा काळवंडलेला आणि निळा उजळ दिसतो, याला पर्किंजे परिणाम म्हणतात. तेव्हा बेताचा वाटलेला तांबडा घरी भडक निघतो. पिवळ्या बॅटरीच्या उजेडात तर पांढऱ्या कागदावरचा फिका पिवळा दिसतच नाही, आपण लावत राहतो.

मळतं ते बहुतेक वेळा आभाळ. ओल्या पिवळ्यात निळा उतरला की हिरवट होतं, नारिंगीत उतरला की राखाडी. म्हणून क्षितिजाशी पिवळा, त्यावर फिका गुलाबी, आणि निळा वरून फक्त गुलाबीपर्यंतच आणायचा. मधला पट्टा दोघांना भेटू देत नाही.

सूर्य झळकावा म्हणून थरावर थर चढवू नका. फ्रेंच चित्रकार मोनेने १८७२ साली रंगवलेल्या ल आव्र बंदरावरच्या सूर्योदयाचा फोटो कृष्णधवल करून पाहा: नारिंगी सूर्य आभाळात जवळजवळ विरून जातो. म्हणजे तो आभाळाहून उजळ नाहीच, भोवतीच्या निळसर राखाडीमुळे पेटलेला दिसतो. तेव्हा थोडा राखाडी हवाच, फक्त जागच्या जागी.

आणि पहाटेच्या दमट हवेत वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) लवकर वाळत नाही. वाळला असं समजून मी एकदा वही मिटली, तर समोरासमोरच्या पानांवर दोन सूर्य उगवले होते.